बटणाएवढी चकती

बसा. ती खुर्ची जरा डुलते, पण पाडत नाही; आजवर कुणाला पाडलं नाही तिनं. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. एका चकतीची. कोटाचं मोठं बटण असतं ना, तेवढी चकती. एवढ्याशा चकतीनं दोन सख्ख्या भावांच्या मधे जे काही घातलं, ते पहारीनंही निघायचं नाही. पण शेवट आधी सांगणारा माणूस मी नाही. गोष्टीला तिच्या पायानं चालू द्यावं. लांबण लागली तर सांगा. मी थांबणार नाही, पण तुम्ही सांगा.

तर, एक पॉलिशवाला होता. कारखान्यात त्याला सगळे आरसा म्हणायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, पंचवीस-तीस माणसं, आणि काम मोडक्या हाडांचं. मांडीचं हाड मोडलं की डॉक्टर आतून धातूची सळई घालतात, ती सळई इथं व्हायची. पट्ट्या, स्क्रू, सगळं इथं. पुढं यंत्रं घरघरायची, आणि मागं, खिडकीशी, हा माणूस बफच्या चाकावर सळया चकाकवत बसायचा. चाकावर झालं की नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा घ्यायचा, त्याला मसाला लावायचा आणि अंगठ्यानं शेवटचा हात मारायचा. त्या हातानंतर सळईत तोंड बघून दाढी करावी. म्हणून आरसा.

उजव्या हाताचा अंगठा त्याचा अर्धाच. तरुणपणी चाकानं खाल्ला. त्यामुळं त्याचा शेवटचा हात सरळ संपायचा नाही, टोकाला जरा डावीकडे वळायचा, कुत्र्याच्या शेपटीसारखा. उजेडात तिरकं धरलं तरच दिसायचं. दुसऱ्या कुणाला नाही, पण त्याला दिसायचं. आपलं अक्षर आपल्याला ओळखू येतं, तसं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घरी बायको. शिवणकाम करायची. पायानं चालवायचं मशीन, त्याची टकटक ऐकूनच शेजारणी दिवस मोजायच्या. मूलबाळ नाही, पण एक पोर होतं, आरशाचा धाकटा भाऊ. बारक्या. आईबाप गेले तेव्हा बारक्या सहा वर्षांचा, आणि ही नवी नवरी. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, तिनंच त्याचे शाळेचे सदरे शिवले. बारक्याचं बटण तुटलं की ती नुसता हात पुढं करायची, "दे इकडे." अंगातला सदराही काढायची नाही, अंगावरच टाका घालायची, दातानं दोरा तोडायची. आरशानं चाकावर डोळे घालवले आणि बारक्याला कॉलेजात घातलं. घरात पहिला शिकलेला तोच. मग आरशानंच मालकाच्या हातापाया पडून त्याला कारखान्यात चिकटवला, लग्नही लावून दिलं.

सगळं बरं चाललं होतं. मग मालकानं नवं काढलं.

म्हणाले, "आता नुसती सळई विकायची नाही. सळईवर औषधाचा लेप. ऑपरेशनच्या वेळी जंतू चिकटायला आले की लेपच त्यांना मारणार. आणि लेप धरायला अंग खडबडीत पाहिजे, म्हणून सळईवर वाळूचा फवारा मारायचा." म्हणजे आरशाचा हात सळईवरून गेला. त्याच्याकडे राहिले स्क्रू. चाळीस वर्षांचा हात आणि स्क्रूची टोपी, म्हणजे पहिलवानाला शेंगा सोलायला बसवल्यासारखं. लोक म्हणाले, आरशाला तडा गेला. तो हसला. पण लागलं त्याला.

लेपाचा विभाग मिळाला बारक्याला. भावाचं गेलं, भावाला आलं, घरातल्या घरात. आरशानं उलट पेढे... पेढे नाही, काहीतरी गोड वाटलं. काय ते आता आठवत नाही. खूश होता, एवढं आठवतं.

आता चकती. एका वेळी चाळीस सळया लेपाच्या टाकीत सोडायच्या. त्याला ते घाणा म्हणायचे, तळणीचा असतो तसा. लेप बरा बसला का, जंतू मरतात का, हे बघायला सळई कापून चालत नाही. म्हणून प्रत्येक घाण्याबरोबर एक चकती. त्याच धातूची, तोच वाळूचा फवारा, तीच टाकी. ती चकती मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत जायची. तिथं तिच्यावर जंतू सोडायचे, चिकटले किती, मेले किती, ते बघायचं. चकती पास तर चाळीस सळया पास. थोडक्यात, चकती सळयांच्या वतीनं साक्ष द्यायची.

एके दिवशी दुपारी बारक्या खिडकीशी आला. तळहातावर चकती.

"दादा, हिच्यावर जरा तुझा शेवटचा हात फिरव ना. टाकीत सोडायच्या आधी."

"अरे, हिच्यावर वाळू मारलीय की."

"मारलीय. पण ही बाहेर जाते. मोठमोठी माणसं बघतात. कारखान्याचं तोंड आहे हे."

"मग तोंड धुवूनच पाठवायला पाहिजे," आरसा म्हणाला.

पॉलिशवाल्याच्या डोक्यात कसं असतं, सांगतो. बाहेरच्यानं बघायची वस्तू पुसल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही. त्यात खोटेपणा त्याला दिसतच नाही. सुताराला सांगा, खुर्ची रंधा न मारता पाहुण्यांसमोर ठेव, ठेवेल तो? तसंच. शिवाय तिथं तपासतात ते औषध, असं याला वाटायचं. खालचं अंग कसं आहे याच्याशी काय घेणं? आणि खरं सांगू का, सळया हातच्या गेल्यावर त्या चकतीनंच त्याला जरा मान दिला. आठवड्याला एखादी यायची. आरसा पाणी पिऊन, हात धुऊन, मग तिला घ्यायचा. चार वर्षं.

त्या चार वर्षांतच बारक्याची सासू न्हाणीघरात घसरली. मांडी मोडली. बारक्या खिडकीशी आला, म्हणाला, "दादा, तुझ्या हातची जुनी सळई आहे का रे एखादी? बिनलेपाची. सासूबाईंनी हट्ट धरलाय, जुनंच पाहिजे."

आरशाच्या कपाटात दोन होत्या, सीलबंद. एक काढून दिली. घरी येऊन बायकोला म्हणाला, "बघ. अजून माझ्या हाताला किंमत आहे." ती म्हणाली, "किंमत आहे, पण भाजी आणायला त्या हाताला सवड नाही."

ती सासू तीन-चार महिन्यांत काठी टाकून चालायला लागली. हेही लक्षात ठेवा.

वर्ष गेलं. आरशाची बायको पडद्याचं माप घ्यायला स्टुलावर चढली आणि स्टूल सरकलं. उजवी मांडी. मशीन चालवायचा पाय तोच.

हॉस्पिटलात बारक्या आधी पोचला. वहिनीला स्ट्रेचरवर त्यानंच उचललं, रडला पोरासारखा. मालकही आले. आरसा सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या घरच्या माणसाला आपल्या कारखान्याची सळई. लेपाची. सगळ्यात भारी असेल ती."

बारक्या हळूच म्हणाला, "दादा, ती जुनी दुसरी आहे ना तुझ्याकडे? असेल तर बघ."

आरसा हसला. "जुनी सासूला, नवी बायकोला."

मालक हसले. नर्स हसली. बारक्याही हसला.

सळई बसली. चार महिने बरे गेले. पाचव्या महिन्यात मांडी सुजली, लाल झाली, ताप आला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. सूज उतरली. गोळ्या संपल्या, सूज परत. पुन्हा गोळ्या, अजून जहाल. पुन्हा उतरली, पुन्हा आली. घरी कटकट्या नातेवाईक यावा तसा तो ताप. दारातून घालवला की खिडकीतून आत. आठव्या महिन्यात जखमेतून पू यायला लागला, आणि डॉक्टरीणबाईंनी सळई काढली. पाय वजनाला टांगून ठेवला. शुक्रवारी दुसरी सळई घालायची ठरली.

त्या सोमवारी डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. चांगली बाई, पण घाईतली. म्हणाल्या, "हे जंतू औषधाला दाद देत नाहीत. असे कधी होतात, माहिती आहे? पेशंट गोळ्या मधेच सोडतो तेव्हा. बरं वाटलं की सोडल्यात ना?"

"एकही सोडली नाही," बायको म्हणाली.

"सगळेच असं म्हणतात. लेपाचा रिपोर्ट उत्तम आहे. त्या लेपावर जंतू टिकायलाच नको होते. शुक्रवारी तसलीच नवी सळई घालू, तेच औषध शिरेतून जास्त देऊ. पण या वेळी गोळ्या नर्सच्या समोर खायच्या."

त्या गेल्या. चाळीस वर्षांत आरशानं बायकोला खूपदा रागावलेलं बघितलं होतं, पण असं लहान झालेलं बघितलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाली, "माझा बटणांचा डबा आणा घरून."

डब्यात बटणांच्या वर गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. एकूण एक. शिवणारी बाई, चिंधी टाकत नाही, ती पाकीट कशाला टाकेल? प्रत्येकावर सुईनं भोक पाडून तारीख टोचली होती.

"हे घ्या आणि कुणाला दाखवायचं त्याला दाखवा," ती म्हणाली. "पाय गेला तर गेला. पण खोटारडी म्हणून पाय घालवायचा नाही मला."

आरसा डबा काखेत मारून प्रयोगशाळेत गेला. तळमजल्यावर, शेवटची खोली. तिथं एक बाई, जाड चष्मा. वॉर्डात सगळे तिला जंतूबाई म्हणायचे. आरशानं डबा टेबलावर उपडा केला. बटणं घरंगळली. जंतूबाईनं आधी बटणं गोळा केली, मग पाकिटं एकेक करून बघितली. सगळी बघून झाल्यावर चष्मा काढला.

"तुमच्या मिसेसनी सगळ्या गोळ्या खाल्ल्यात."

"तेच सांगायला आलो."

"मग मला हे कोडं सुटत नाही. या इकडे."

तिनं पडद्यावर काढलेल्या सळईचं चित्र मोठं करून दाखवलं. डोंगर-दऱ्या दिसत होत्या, आणि दऱ्यांमधे गढूळ, चिकट असं काहीतरी.

"फुलदाणीत पाणी तसंच राहिलं की आतून बुळबुळीत थर येतो ना, तसा हा थर. जंतूंनी बांधलेलं घर. सुटा जंतू औषधानं मरतो. घर बांधलेला मरत नाही. वरचे मरतात, खालचे झोपून राहतात आणि गोळ्या बंद झाल्या की उठतात."

"आणि दाद का देत नाहीत?"

"भरपूर औषध मिळालं असतं तर मेले असते. अजिबात नसतं मिळालं तर निदान शिकले नसते. यांना मिळालंय थोडं थोडं, महिनोन् महिने, पाझरत. रोज चापटी खाणारं पोर कसं कोडगं होतं, तसे कोडगे झाले. वाटतं, लेप जागोजाग पातळ होता, तडकलेला होता. पण असं होईल कसं? या घाण्याची चकती मीच तपासली. रिपोर्टावर सही माझी आहे. त्या चकतीवर जंतू टिकतच नव्हते, पाय घसरून पडत होते म्हणा." तिनं खणातून कागदी पाकीट काढलं. "औषध मोजायला लेप धुऊन काढलाय, पण चकती हीच. घाण्याचा नंबर बघा, सळईवर आहे तोच."

नंबर तोच होता. आरशानं चकती घेतली आणि सवयीनं खिडकीच्या उजेडात तिरकी धरली.

काठावर, टोकाला, डावीकडे वळलेली कुत्र्याची शेपटी.

"सळया अशाच गुळगुळीत असतात ना?" जंतूबाईनं विचारलं. "आमच्याकडे नुसत्या चकत्या येतात. सळई मी पहिल्यांदाच बघितली, ही काढलेली."

आरशानं चकती टेबलावर ठेवली. खुर्ची पुढं केली तिनं, तो बसला. चार वर्षांच्या सगळ्या दुपारी त्याच्या समोरून गेल्या. बारक्याचा तळहात, चकती, "कारखान्याचं तोंड." गुळगुळीत अंगावर लेप सारखा बसतो आणि जंतू घसरतात, हे त्याला आता कुणी शिकवायला नको होतं. गुळगुळीत म्हणजे काय, हे त्याच्याहून जास्त कुणाला माहीत होतं? आणि मग त्या दुपारींच्या मागून आणखी एक दुपार आली. "तुझ्या हातची जुनी आहे का रे एखादी? बिनलेपाची."

तो उठला. "येतो थोड्या वेळात," म्हणाला. डबा तिथंच विसरला.

कारखाना तिथून वीस मिनिटं. तो चालत गेला. बारक्या टाकीपाशी होता, डोक्यावर पांढरी टोपी, हातात रबरी मोजे. नवा घाणा टांगत होता.

"दादा? तू इथं? वहिनी कशी आहे?"

"तिनं गोळ्या खाल्ल्या नाहीत म्हणतात."

"कोण म्हणतं? वहिनी आणि गोळ्या चुकवेल?"

"तुझी चकती म्हणते."

बारक्यानं हातातली सळई आकड्याला अडकवली. नीट अडकवली, सावकाश. मग मोजे काढले.

"दादा, बाहेर जाऊन बोलू."

"इथंच. चकती जे बोलते ते इथंच शिकली ना?"

पंप घुमत होता. बारक्या टाकीकडे बघूनच बोलला. "पहिल्या तीन घाण्यांच्या चकत्या नापास झाल्या. वाळू मारलेल्या अंगावर लेप सारखा बसेच ना. उंचवट्यावर पातळ, खड्ड्यात जाड, आणि खड्ड्यातला वाळला की तडकायचा. मालक म्हणाले, महिन्यात पास करून दाखव, नाहीतर विभाग बंद आणि तू घरी. मी म्हटलं, एकदा पास होऊ दे, मग लेप सुधारतो. शपथ घेऊन सांगतो, एकदाच म्हणून तुझ्याकडे आलो होतो."

"आणि मग?"

"मग पास व्हायला लागल्या. पास होणारी वस्तू कोण सुधारतं?"

"मालकाला माहीत होतं?"

"त्यांनी कधी विचारलं नाही. न विचारायला त्यांना फार चांगलं येतं."

मग आरशानं ते विचारलं, ज्यासाठी तो चालत आला होता. बाकीचं त्याला वाटेतच कळलं होतं.

"सासूला जुनी सळई का मागितलीस रे?"

बारक्या टांगलेल्या सळया मोजायला लागला.

"हट्ट तिचा होता का तुझा?"

"दादा, मी तुलाही म्हणालो होतो. त्या दिवशी हॉस्पिटलात. जुनी असेल तर बघ, म्हणालो होतो."

"म्हणालास. का, ते नाही म्हणालास."

"मालक उभे होते तिथं."

"मालक संध्याकाळी घरी गेले असतील. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दहा वाजता होतं. रात्रभर तू माझ्या शेजारी बाकड्यावर बसला होतास. माझ्या हातचा चहा प्यालास."

बारक्याचे डोळे भरले. आरशाला वाटलं, हेच डोळे स्ट्रेचरपाशीही भरले होते आणि तेव्हाही खरेच भरले होते. त्याचं सगळ्यात जास्त नवल वाटलं त्याला. खोटं रडला असता तर बरं झालं असतं.

"तू माझ्याच हातानं तिचा पाय कापलास, बारक्या," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हातानं कापला असतास तर निदान शिव्या तरी घातल्या असत्या."

"तू हे डॉक्टरांना सांगितलंस तर तूही अडकशील. चकतीवर हात तुझा आहे. सगळ्या चकत्यांवर. कोण मानेल, तुला माहीत नव्हतं म्हणून?"

"कुणी नाही मानणार."

"मग? शुक्रवारी मी स्वतः बघतो, चांगली सळई जाईल. मी निवडून देतो. कुणाला काही सांगायची गरज नाही."

"आणि उरलेल्या एकोणचाळीस?"

बारक्यानं मोजे पुन्हा हातात घेतले. नुसते चुरगाळत राहिला.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात," आरसा म्हणाला. "पण ओठ तुटायचा राहिला का कधी? जंतूबाई म्हणाली, थोडं थोडं मिळत राहिलं की जंतू कोडगे होतात. तुझंही तसंच झालं. आठवड्याला एक चकती."

जाताना त्यानं आपलं कपाट उघडलं, दुसरी जुनी सळई काढली आणि सदऱ्याच्या आत धरली. फाटकावरच्या माणसानं बघितलं, पण आरशाला कोण अडवणार?

त्याच दिवशी, चार वाजता, त्यानं डॉक्टरीणबाई आणि जंतूबाई दोघींना एकत्र बसवून सगळं सांगितलं. आधी स्वतःचं सांगितलं, मग बारक्याचं. डॉक्टरीणबाईंची घाई पहिल्यांदाच कुठं तरी गेली. म्हणाल्या, "हे लेखी द्याल?"

"लिहिणं माझं कच्चं आहे. तुम्ही लिहा, मी अंगठा लावतो. अर्धाच आहे, चालेल का?"

चालला. जंतूबाईनं त्याखाली आपली सही केली आणि आपल्याच जुन्या रिपोर्टावर मोठी काट मारली. मालकाची, बारक्याची, आरशाची, कुणाचीच ती नातेवाईक नव्हती, पण फसली तीही.

जुनी सळई डॉक्टरीणबाईंनी परत दिली. म्हणाल्या, "सुरेख आहे, पण आत्ता तिच्या हाडात कुठलंच लोखंड टिकायचं नाही. आधी घर मोडू जंतूंचं." शुक्रवारी त्यांनी आतली सगळी घाण खरवडून काढली, पाय बाहेरून चौकटीत बसवला आणि पहिलं औषध बंद करून दुसरी दोन सुरू केली, शिरेतून, सहा आठवडे. तेच जुनं औषध चालू राहिलं असतं तर, त्याच म्हणाल्या, महिन्याभरात पाय मांडीपासून काढावा लागला असता. आणि ऑपरेशनच्या आधी त्या खाटेशी आल्या, खुर्ची ओढून बसल्या. "माझं चुकलं. तुम्ही गोळ्या खाल्ल्या होत्या."

"डबा परत द्या माझा," बायको म्हणाली. "बटणं आहेत त्यात."

बारक्याचं तिला आरशानंच सांगितलं. दुसरं कुणी सांगण्याआधी. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "सासूला साधी दिली म्हणता?"

"हो."

"चालते ना ती नीट?"

"चालते."

"बरं झालं. एक तरी चालतेय." आणि तोंड भिंतीकडे केलं.

रविवारी भेटायच्या वेळेला बारक्या आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, लोखंडी दांडा धरून. अंगात तिनंच शिवलेला निळा सदरा. मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. मुद्दाम आला होता की घाईत, देव जाणे. आरशानं बघितलं, बायकोचे डोळे त्या बटणावर गेले. तिचा हात चादरीवरून जरा उचलला गेला. वर्षानुवर्षांची सवय, हाताला काय कळतं?

मग तो हात तिनं परत चादरीखाली घेतला.

"वहिनी," बारक्या म्हणाला.

"भेटायची वेळ पाचपर्यंत आहे," ती म्हणाली. "बस तोवर, बसायचं तर."

तो पाचपर्यंत बसला. उठून गेला तेव्हा बटण तसंच लोंबत होतं.

पाय राहिला तिचा. दोन बोटं आखूड झाला, गुडघा पुरता वाकत नाही. मशीन आता डाव्या पायानं चालवते. टकटक वेगळी येते, शेजारणींना सवय झाली. आरशाचं काम गेलं. बारक्याचंही गेलं, तो दुसऱ्या गावी असतो, पत्र येतं अधूनमधून, ती वाचते आणि बटणांच्या डब्यात ठेवते, उत्तर देत नाही. मालकानं लेप बंद केला आणि सांगितलं की एकच घाणा बिघडला होता. चौकशी चालू आहे म्हणतात. चौकशी म्हणजे आमच्याकडच्या जुन्या घड्याळासारखी, चालू असते, वेळ दाखवत नाही. हॉस्पिटलांना पत्रं गेली, पण पत्रं खणात पडतात आणि सळया माणसांत असतात. चार वर्षांचे घाणे, एकेका घाण्यात चाळीस. आरसा रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर जाऊन बसतो आणि पाय ओढत चालणाऱ्यांना विचारतो. लोक त्याला वेडा समजतात. त्याची हरकत नसते.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. त्याचं आहे, मी नुसता पोचवतो. आज घरी गेलात की कागदांची पिशवी काढा. घरात, शेजारात, सासुरवाडीला कुणाच्या हाडात सळई असेल तर तिच्याबरोबर एक छोटं कार्ड मिळालेलं असतं, कुठल्या तरी पाकिटाच्या तळाशी पडलेलं. त्यावर लेपाची सळई असं लिहिलेलं असेल आणि त्या माणसाची सूज उतरून परत येत असेल, तर ते कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एवढंच विचारा, तपासलेली चकती आणि ही सळई एकाच अंगाच्या होत्या का. आणि तो माणूस म्हणाला, मी सगळ्या गोळ्या खाल्ल्या, तर कृपा करा, आधी त्याचं खरं धरा.